चुरीबाई आणि हेमाची तोंडी परीक्षा

चुरीबाईंशी पाच मिनिटं बोलल्यावर ज्याचं डोकं दुखायला लागलं नाही, असा माणूस मला आमच्या शाळेत भेटला नाही. हेडमास्तर त्यांना येताना पाहिलं की टेबलाचा खण उघडून त्यात काहीतरी शोधायला लागायचे. शिपाई पाणी भरायला निघून जायचा. मी नगर जिल्ह्यातून नोकरीसाठी सातपाटीला आलेला, डी.एड. होऊन जेमतेम वर्ष झालेला. कुठे पळायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी सापडायचो.

"अहो शेळके, इकडे या. हे वाचा आणि काय चूक आहे ते सांगा."

हातात तालुक्याच्या ऑफिसातून आलेलं परिपत्रक असायचं. 'सर्व मुख्याध्यापकांनी सदर माहिती त्वरीत सादर करावे.' मला त्यात काही चूक दिसायची नाही. बाईंनी मात्र लाल शाईने 'त्वरीत'ला आणि 'करावे'ला गोल केलेले असायचे, समासात 'त्वरित' आणि 'करावी' असं लिहिलेलं असायचं, आणि खाली शेरा: दहापैकी चार. हे नुसतं करून त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण ते परिपत्रक पाकिटात घालून त्या ऑफिसला परत पाठवायच्या. सोबत चिठ्ठी, 'दुरुस्त करून पुन्हा पाठवावे, म्हणजे त्वरित माहिती देता येईल.'

हेडमास्तर कपाळाला हात लावायचे.

बाई केळव्याच्या. घरचा पानमळा होता. बुटक्या, सावळ्या, खळ घातलेलं सुती पातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, मनगटावर पुरुषी घड्याळ. डबा उभ्यानेच खायच्या, खिडकीशी, मैदानावर एक डोळा ठेवून. लग्न झालं नव्हतं की मोडलं होतं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. भाषा एकदम शुद्ध, पण राग फारच चढला की घरची बोली मधूनच बाहेर यायची, "असा नाय चालायचा!" आणि ते ऐकू आलं की आम्ही समजायचो, आता कोणाची तरी धडगत नाही.

त्यांची दोन वाक्यं ठरलेली. कोणी काही तोंडी सांगितलं की, "लेखी द्या." आणि कुठल्याही ऑफिसात कोणी बसवून चहा मागवला की, "मी चहा प्यायला आलेले नाही." एकदा बहिणीच्या लग्नाला जायचं म्हणून मी त्यांना म्हटलं, बाई, दोन दिवस माझ्या वर्गाकडे बघाल का? तर म्हणाल्या, "लेखी द्या." मी दिलं. त्यांनी ते वाचलं, 'बघीतले'मधली 'घी' ऱ्हस्व केली आणि दोन दिवस माझा वर्ग माझ्यापेक्षा चांगला सांभाळला.

आता हेमाबद्दल सांगतो, कारण तिच्याशिवाय बाई सांगता येत नाहीत.

आमच्याकडे शिक्षक वर्गाबरोबर वर चढायचे. हेमा पहिलीपासून बाईंच्याच वर्गात होती. बापाची होडी, आई यमुनाबाई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. पोरगी अंगाने काटक, डोळे टपोरे. फळ्यावरचं अक्षर अन् अक्षर सुबक उतरवून घ्यायची, पण नाव घेऊन हाक मारली तर ढिम्म. कविता म्हणायला सांगितली तर बघत राहायची. भलत्याच वेळी हसायची. बाईंनी ठरवून टाकलं होतं की पोरगी आडमुठी आहे. दोन वर्षं, अगदी नेमाने, ती व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी असायची. आम्हाला सगळ्यांना तिची इतकी सवय झाली होती की तिच्याकडे कोणाचं लक्षही जायचं नाही.

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा, व्हरांड्याच्या वाशाला तारेने टांगलेला. खाऱ्या हवेने तार खाल्ली होती. हेमा तिसरीत गेली त्या वर्षी, जुलैमध्ये, भर तासाला तो तुकडा खालच्या फरशीवर पडला. काय आवाज झाला! माझ्या वर्गातली सगळी पोरं किंचाळत बाहेर धावली. हेडमास्तर धोतर सावरत आले. फरशीचा टवका उडाला होता. त्या टवक्यापासून दोन हातांवर हेमा उभी होती, पाठमोरी, नखाने भिंतीचा चुना खरवडत. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

चुरीबाई वर्गाच्या दारात खडू धरून उभ्या होत्या. त्या घंटेकडे बघत नव्हत्या. हेमाच्या पाठीकडे बघत होत्या. मग हळूहळू चालत तिच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, आणि ती दचकली.

संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "शेळके, माझ्याबरोबर चला." का, ते सांगितलं नाही. आम्ही हेमाच्या घरी गेलो. यमुनाबाई दारापुढच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीला ऐकू येत नाही."

यमुनाबाईंनी हातातले बोंबील नीट टांगले आणि मग बोलल्या. "बाई, मी तं तुमाला पयल्याच दिवशी सांगितलेलं. नाव घालाया आले तवा. तुमी म्हटलं, सगल्या आया असंच सांगतात."

मला वाटलं, आता बाई काहीतरी सुनावणार. त्या म्हणाल्या, "हो. म्हटलं होतं." मग बोंबलांकडे बघतच म्हणाल्या, "चूक माझी आहे. हवं तर लेखी देते."

"लिवलेलं घेऊन मी काय करू? मला वाचता येत नाय. पोरीला वाचाया शिकवा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी हेमा पहिल्या बाकावर होती.

आणि त्या दिवसापासून आमच्या सगळ्यांच्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो पुढची काही वर्षं संपला नाही.

बाईंनी शाळेचं लोखंडी कपाट उपसलं. तळाशी त्यांना एक परिपत्रक सापडलं. त्यात लिहिलं होतं की ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, त्यांना साध्या शाळेतच ठेवावं, सरकारने त्यांना उपकरण द्यावं, खास शिकलेला शिक्षक पाठवावा. म्हणजे सगळं होतं. कागद चार वर्षांपूर्वी आलेला, आणि त्यावर हेडमास्तरांची सही, 'पाहिले.'

"हे तुम्ही पाहिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"बाई, मी सगळ्यांवरच तसं लिहितो," हेडमास्तर काकुळतीने म्हणाले.

बाई तालुक्याच्या ऑफिसात निघाल्या की हेडमास्तर मला बरोबर धाडायचे. "जा बाबा, नाहीतर तिथे काहीतरी बोलून बसतील." जाऊन मी काय करणार होतो? त्या बोलायच्याच, मी फक्त शेजारी उभा असायचो. तिथला कारकून म्हणाला, अर्जाला अपंगत्वाचा दाखला जोडा. दाखला जिल्ह्याच्या गावी, मोठ्या रुग्णालयात. तिथे गेलो तर म्हणाले, शिक्षणखात्याचं पत्र आणा, त्याशिवाय तपासणी नाही. परत तालुक्याला आलो तर कारकून म्हणाला, दाखला असल्याशिवाय आम्ही पत्र कसं देणार?

"म्हणजे ती बहिरी आहे हे सिद्ध झाल्यावर तुम्ही ती बहिरी आहे का ते तपासायला पाठवणार?"

"तसं नाही बाई. बसा ना. चहा घ्या."

"मी चहा प्यायला आलेले नाही. तुम्ही पत्र देणार नाही, हे लेखी द्या."

लेखी द्यायचं म्हटलं की कारकून गडबडले. नाही म्हणायलाही लेखी द्यायचं तर त्यांना वरच्यांना विचारावं लागणार होतं. त्यापेक्षा पत्र देणं सोपं, म्हणून त्यांनी ते दिलं. बाईंची युक्ती होती का? मला नाही वाटत. त्यांना खरंच लेखी हवं होतं.

पुढे रुग्णालयात बुधवारीच कानाचे डॉक्टर. एका बुधवारी ते रजेवर, दुसऱ्या बुधवारी मशीन बंद, तिसऱ्या बुधवारी मशीन चालू पण चालवणारा गावाला. प्रत्येक खेपेला यमुनाबाई बाजार बुडवून, हेमाला तिचा एकुलता चांगला फ्रॉक घालून बरोबर. हेमा मजेत असायची. तिला आगगाडीची खिडकी मिळायची. शेवटी डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे उभं राहून चार टाळ्या वाजवल्या, आणि दाखला दिला. आम्ही स्टेशनवर येऊन तो नीट वाचला. 'हेमंत, पुरुष, वय नऊ.'

यमुनाबाई म्हणाल्या, "काय लिवलंय?"

मी सांगितलं. त्या बाकावर बसल्या आणि हसायला लागल्या, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चुरीबाई हसल्या नाहीत. पर्समधून लाल पेन काढलं, मग परत ठेवलं. दाखल्यावर खाडाखोड चालत नाही, एवढं त्यांना कळत होतं. म्हणजे आणखी एक बुधवार.

हेमा चौथीत गेली, दिवाळी झाली, आणि कानाचं यंत्र आलं. साबणाच्या वडीएवढी डबी, गळ्यात पिशवीत अडकवायची, तिच्यातून वायर कानात. बाईंनी त्या दिवशी वर्गात खाऊ वाटला होता. सगळ्या पोरांसमोर त्यांनी हेमाच्या कानात ते घातलं, बटण फिरवलं, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेमाने दोन्ही हातांनी वायर उपटली, डबी फेकली आणि बाकाखाली शिरून भोकाड पसरलं. ती काही केल्या बाहेर येईना. शेवटी यमुनाबाईंना बोलवावं लागलं.

बाईंनी दोन दिवस ते यंत्र कपाटात ठेवलं. तिसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत, सगळी पोरं मैदानावर गेल्यावर, दार लावून त्या हेमाला घेऊन बसायला लागल्या. आधी पाच मिनिटं. मग दहा. नुसती वाटीवर चमचा वाजवायच्या. डबा खायचा राहून जायचा. दोन महिन्यांनी हेमा ते यंत्र दिवसभर घालायला लागली. तिला त्यातून शब्द कळत नव्हते, हे सांगून टाकतो. भांडं पडल्याचं, होडीच्या इंजिनाचं, कोणी ओरडल्याचं कळायचं. बाकी सगळं ती ओठांवरून उचलायची.

आणि मग वायर हिरवी पडली. खारी हवा, दुसरं काय. यंत्र मुकं झालं. ऑफिस म्हणालं, दुरुस्तीसाठी जिल्ह्याला पाठवा, सहा महिन्यांत परत येईल.

"चौथीची परीक्षा तीन महिन्यांवर आहे," बाई म्हणाल्या.

"मग नवा अर्ज करा."

त्या शनिवारी बाईंनी मला बोईसरला नेलं. स्टेशनबाहेर एका टपरीत एक रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. कारखान्यांतल्या कामगारांचे ट्रान्झिस्टर त्याच्याकडे ढिगाने यायचे. त्याने डबी उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "मॅडम, ये तो छोटा रेडिओ ही है. बस, स्टेशन नहीं लगता." अर्ध्या तासात नवी वायर जोडून, जोडावर मेणाचा थेंब सोडून त्याने ते परत दिलं. वर सांगितलं, "रात को चावल के डिब्बे में रखना. नमी नहीं लगेगी." सहा महिन्यांचं काम. बाईंना इतका राग आला की त्या टपरीवरच बोली बाहेर आली. "सहा मयने! आन ह्यो माणूस अर्ध्या तासात करते!" तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं काम बिघडलं.

कोणी तरी हे ऑफिसात पोचवलं. पंधरा दिवसांत पत्र आलं, 'शासकीय मालमत्तेची विनापरवानगी खाजगी इसमाकडून दुरूस्ती करून घेतल्याबाबत खुलासा करावा.' बाईंनी 'दुरूस्ती'मधला 'रू' ऱ्हस्व केला आणि खाली खुलासा लिहिला: 'उपकरण चालू आहे. कार्यालयाबाबत कळवावे.'

हेडमास्तरांनी ते पाकीट पोस्टात जाऊ नये म्हणून शिपायाला सांगून पाहिलं. बाईंनी ते स्वतः टाकलं.

"बाई, माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत हो," हेडमास्तर म्हणाले.

"हेमाची शाळाही तीनच वर्षं राहिली आहे."

मग तपासणी झाली. तालुक्याचे साहेब आले, वर्गात शिरले, खुर्चीवर बसून तपासणीचा छापील नमुना भरायला लागले, आणि मान वर न करता विचारलं, "त्या मुलीचं नाव काय? सांग बाळ." हेमा त्यांच्या टकलाकडे बघत राहिली. "वय काय तुझं?" काही नाही. साहेबांनी लिहिलं, 'मतिमंद.'

बाई पुढे झाल्या. "तुम्ही खाली बघून विचारलंत. तिला तुमचे ओठ दिसले नाहीत."

"बाई, मला माझं काम करू द्या."

"तिला भागाकार घालून बघा."

साहेब वैतागून उठले आणि त्यांनी फळ्यावर मोठा भागाकार मांडला. हेमाने तो सोडवला, बाकी काढली, खाली दोन रेघा ओढल्या. साहेबांनी मनात करून पाहिला, मग कागदावर करून पाहिला. बरोबर होता.

"छान," ते म्हणाले. "हुशार आहे."

"मग तो शब्द खोडा."

"आता शाईने लिहिलंय, बाई. नमुन्यात खाडाखोड चालत नाही. पुढच्या तपासणीत बघू."

आणि तो शब्द तसाच वर गेला. मी आजही ते आठवलं की मला काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. त्या माणसात दुष्टपणा नव्हता. जाताना त्याने हेमाच्या डोक्यावरून हातही फिरवला.

चौथीच्या वार्षिक परीक्षेला प्रत्येक विषयात तोंडीचे गुण असायचे. हेमाला लेखीत चांगले पडणार होते, पण तोंडीत सगळीकडे शून्य पडलं तर ती नापास होत होती. नापास झाली की यमुनाबाईंच्या घरचे तिला काढणार, हेही नक्की होतं. बापाने सांगूनच ठेवलं होतं, "जिला आयकू नाय येत तिनं दोन-दोन वर्सं एकाच वर्गात कशाला बसायचं?" बाईंनी जानेवारीतच अर्ज केला: हिची तोंडी परीक्षा लेखी घेण्यास परवानगी मिळावी. मार्चअखेर उत्तर आलं. 'तोंडी परीक्षा ही तोंडीच घेण्यात यावी.'

त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी त्यांनी फळ्यावर प्रश्न लिहिले, हेमाने पाटीवर उत्तरं लिहिली, आणि बाईंनी तोंडीच्या रकान्यात गुण भरले. मी व्हरांड्यात होतो. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. हेडमास्तरांनी निकालपत्रावर सही केली, 'पाहिले.' हेमा पास झाली.

मे महिन्यात चौकशी लागली. आम्हा शिक्षकांना एकेक प्रश्नपत्रक आलं. माझ्यापुढे प्रश्न होता, सदर विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा नियमानुसार झाली किंवा कसे? माझी बदलीची मागणी पडून होती. घरी वडील आजारी. मी लिहिलं, 'मला कल्पना नाही.'

बाईंची बदली मासवणच्या बाजूला, आतल्या एका शाळेत झाली. 'प्रशासकीय कारणास्तव.' निघायच्या दिवशी त्या माझ्या वर्गात आल्या. माझा कागद त्यांनी पाहिला असणार, त्यांना दाखवूनच जबाब घेतले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"शुद्धलेखन बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

त्याहून जास्त कधी काही म्हणाल्या नाहीत. एक वही माझ्या टेबलावर ठेवली. हेमा आता पाचवीत माझ्याकडे येणार होती. वहीत लिहिलं होतं: तिच्याकडे तोंड करून बोलणे. फळ्यावर लिहिताना बोलू नये. उजेड आपल्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे नको. एकच वाक्य पुन्हा सांगताना तेच शब्द वापरू नयेत. शेवटी, 'शेळके यांनी मिशी कापावी. ओठ दिसत नाहीत.'

मी मिशी कापली. माझी बायको त्या वेळी नवी होती, ती आठवडाभर माझ्याकडे बघून हसत होती.

आणि सुटका झाली म्हणावं तर नाहीच. दर रविवारी बाई मासवणहून एस.टी.ने पालघर, तिथून सातपाटी अशा यायच्या आणि हेमाच्या वह्या तपासायच्या. मग माझ्याकडे यायच्या आणि माझी टाचणवही, म्हणजे रोजच्या पाठांची वही, तपासायच्या. रविवारी! पाऊस असो, होळी असो. माझी बायको भजी करायची, कारण चहा त्या घेत नसत. भजी घ्यायच्या, उभ्यानेच.

पुढच्या वर्षी तो खास शिक्षकही आला, परिपत्रकातला. तरुण होता, शिकलेला, कामाची आवड असलेला. तीन वेळा आला. चौथ्या वेळी त्याला मतदारयाद्यांच्या कामाला लावलं. पण त्या तीन खेपांत तो एक गोष्ट बोलला, ती माझ्या मनातून गेली नाही. तो म्हणाला, हिला लहानपणीच मुंबईला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं असतं, तर ही हातांनी खुणांची सगळी भाषा बोलली असती. इथे हिला गणित येतं, पण गप्पा मारायला हिच्यासारखं कोणी नाही.

बाई त्या दिवशी हजर होत्या. त्यांनी वाद घातला नाही. संध्याकाळी यमुनाबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, पाठवायची का अजून?

यमुनाबाई म्हणाल्या, "तिची हाक मला कलते. तिकडच्या बाईला कलंल काय?"

कोणाचं बरोबर होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

हेमा सातवी झाली. हायस्कुलाने तिला घेतलं, पण तिथे सात विषयांचे सात शिक्षक. कोणी फळ्याकडे तोंड करून शिकवायचं, कोणी फेऱ्या मारत. बाई एकेकाला जाऊन भेटल्या, एकेकाने मान डोलावली. नववीत हेमाने शाळा सोडली आणि आईबरोबर कामाला लागली. बाई सहा महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. मग सातव्या महिन्यात सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आल्या, म्हणजे घरी बसून दहावीला बसता येतं तो, आणि रविवार पुन्हा सुरू झाले.

माझी बदली शेवटी मंजूर झाली. नगरला जाण्याआधीचा रविवार होता. बाईंचा निरोप घ्यायला मी हेमाच्या घरी गेलो, कारण रविवारी त्या दुसरीकडे कुठे असणार? हेमा सतरा वर्षांची झाली होती. ओट्यावर बसून सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होती. समोर बाई, हातात भूगोलाचं पुस्तक. बाईंचे केस पांढरे झाले होते.

"वाच. मोठ्याने."

हेमाने वाचलं. आवाज जड, नाकातून येणारा, शब्द एकमेकांत गुंतलेले. नवख्या माणसाला काही कळलं नसतं.

"परत."

तिने वाचलं.

"परत. 'खारे वारे' म्हण. जीभ वर."

तिसऱ्यांदा वाचलं. चौथ्यांदा बाईंनी नुसतं बोट पुस्तकावर ठेवलं. हेमाने पुस्तक मिटलं, जवळ्याची टोपली बाजूला सारली, बाईंच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि म्हणाली,

"बाई, पुरे!"

पलीकडच्या ओट्यावर जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्यानेही मान वर केली. आतून यमुनाबाई ओरडल्या, "गो पोरी, बाईला असं बोलतात काय!" हेमाने आईकडे पाहिलंच नाही. टोपली पुढे ओढली आणि निवडायला लागली. मान खाली, गाल लाल झालेले, पण हात ठामपणे चाललेले.

बाईंना असं कोणी कधी बोललं नव्हतं. हेडमास्तर नाही, साहेब नाही. त्यांनी पुस्तक पर्समध्ये घातलं, चपला घातल्या आणि चालायला लागल्या. मी मागोमाग. सहा-सात वर्षांचे रविवार, आणि शेवटी हे. मला पोरीचा राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तिचं पटलंही होतं. मला स्वतःला ते कितीदा म्हणायचं होतं.

बर्फाच्या कारखान्यापाशी बाई थांबल्या. मला वाटलं, रडतायत. त्या वळल्या तर चेहरा भलताच दिसत होता.

"शेळके, ऐकलंत?"

"जाऊ द्या हो बाई. वयच तसं आहे."

"ते नाही. 'र' ऐकलात का?"

"कोणता 'र'?"

"'पुरे'मधला! अहो, तिचा 'र' आजवर आलाच नव्हता. दरवेळी 'ल'च. आरशासमोर बसवलं, जिभेखाली चमचा धरला, काही केलं तरी 'ल'. आत्ता सरळ आला. तुम्ही ऐकलात ना?"

मी ऐकला होता की नाही, मला आठवेना. मी हो म्हटलं.

"खात्रीने?"

"खात्रीने."

तेवढ्यात पालघरची एस.टी. आली. बाई चढल्या आणि खिडकीशी बसल्या. माझा निरोप घ्यायचा राहूनच गेला होता. मी खालून हात जोडले, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. गाडी सुटली तेव्हा खिडकीच्या गजांआड त्यांचे ओठ हलत होते. तो शब्द त्या स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होत्या.